बाबांच्या बोटावरची दोरी

मी एक जुनी, पोपटी रंगाची गळाची दोरी आहे, मित्रांनो, आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मला स्वस्थ बसवत नाही. शाळेत शेवटच्या तासाला तुम्हाला जशी चुळबुळ सुटते, तशी मला जन्मापासून सुटलेली आहे. त्यामुळे सांगताना थोडी घाई झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्मच गरगर फिरण्यातून झाला. एका कारखान्यात आठ बारीक धागे यंत्रावर एकमेकांच्या वरून, खालून, पुन्हा वरून धावत होते आणि त्यांची वेणी घालता घालता मी तयार झाले. दिसायला शिवणाच्या दोऱ्याएवढी, पण कितीही ओढा, ताणायची नाही. मग मला रंगात बुडवलं, चाकावर गुंडाळलं आणि एका दुकानात काचेआड ठेवून दिलं. दुकान समुद्राला इतकं लागून की दार उघडलं की लाटांचा आवाज आत यायचा. आवाज ऐकायचा आणि हलायचं नाही! जीव नुसता कासावीस व्हायचा.

शेवटी एक बाई आली. ती शिवणकाम करायची. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. तिचे बाबा फरशी बसवणारे मिस्त्री. दिवसभर फरश्या बसवायच्या आणि संध्याकाळी वाळूवर उभं राहून लाटांत गळ टाकायचा, यातच त्यांचा जन्म गेला. पण गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र बधिर राहिला. जुनी जाड नायलॉनची दोरी आता लाटांच्या पलीकडे पोचेना, आणि मासा ओढतोय की नाही हे बोटाला कळेना. रोज रिकाम्या हाताने परत यायचे. शेजारचे टोपीवाले काका ती गळाची काठी मागून मागून हैराण करत होते आणि बाबा 'घेऊन जा' म्हणायच्या बेतात आले होते. लेकीला तेवढंच नको होतं. काठी गेली तर बाबा खाटेवरून उठायचेच नाहीत, असं तिने दुकानदाराला सरळ सांगितलं.

दुकानदार भला माणूस. त्याने आधी विचारलं, किनारा खडकाचा की वाळूचा? खडक असतील तर चार धाग्यांची जाड वीण बरी, घासली तरी तग धरते. वाळू असेल तर आठ धाग्यांची बारीक, ती काठीच्या कड्यांतून न अडता लांब जाते. लेकीने आधी जाड दोरी नखावर घासून पाहिली, मग मला घासून पाहिलं. मी श्वास रोखून धरला होता. शिवणाऱ्या बोटांना वीण लगेच कळते. ती म्हणाली, आमच्याकडे वाळू आहे, हीच द्या.

दुकानदाराने तिला समजावलं की ही ताणत नाही, त्यामुळे तिकडे माशाने नुसतं तोंड लावलं तरी इकडे बोटाला कळेल. पुढच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा जोडायला विसरू नका, असंही बजावलं. जोरात फेकताना शिशाच्या वजनाचा हिसका बसतो आणि बारीक दोरी तुटते. पुढच्या टोकाचं सगळं सांगून झालं. मागच्या टोकाचं सांगणार, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ते राहूनच गेलं.

बाबांनी मला पाहून नाक मुरडलं. मासे धरायला आणलीस की बटणं लावायला, असं लेकीला विचारलं. पण तिचं मन मोडायचं नाही म्हणून स्वतःच मला काठीवरच्या दोरी गुंडाळायच्या चक्रीवर चढवायला बसले. जुनी दोरी काढली आणि चक्रीचा धातूचा गाभा पुसून पुसून लख्ख केला. मिस्त्रीच ते! खाली घाण ठेवून वर काम करायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्या लख्ख, गुळगुळीत गाभ्यावर त्यांनी मला थेट बांधलं. नायलॉन आयुष्यभर तसंच बांधत आले होते, त्याला ते चालतं. मला चालत नाही. पण मला विचारतंय कोण?

संध्याकाळी बाबांनी काठी मागे नेली आणि गळ फेकला. काय सांगू मित्रांनो! इतके दिवस काचेआड कोंडलेली मी कड्यांतून सुसाट सुटले आणि लाटांच्या पार पलीकडे जाऊन पडले. बाबा नुसते बघत राहिले. मग त्यांनी मला बोटावर घेतलं. थोड्या वेळाने खालून हिसका आला, तो मी जसाच्या तसा त्या बधिर बोटापर्यंत पोचवला, आणि बाबा दचकले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना मासा कळला होता.

त्यांनी चक्री फिरवायला घेतली. चक्री फिरत होती, पण मी आत येईना. माझा अख्खा गुंडा त्या गुळगुळीत गाभ्यावर जागच्या जागी घसरत होता. चक्रीचा ब्रेक सैल असेल म्हणून बाबांनी तो आवळला, पुन्हा आवळला. मासा मजेत निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मोठा मासा होता, तोही तसाच गेला. अहो, मी घसरतेय, तुमचा हात नाही, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दोरीला तोंड कुठे असतं? मी आपली तळमळत राहिले.

घरी येऊन बाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि लेकीला म्हणाले, "कळतं गं आता. पण ओढवत नाही. हात गेला माझा." टोपीवाल्या काकांना उद्या संध्याकाळी यायचा निरोपही धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक काठी द्यायच्या आधी चक्रीवरचं मीठ पुसत होती. डोळे भरून येत होते म्हणून तिने मला तळहाताने घट्ट दाबून धरलं आणि उगीच चक्री फिरवली. चक्री फिरली, मी तिच्या हातातच राहिले. ती थबकली. पुन्हा फिरवून पाहिली. शिलाई मशीनच्या बॉबिनवर रेशमी दोरा नुसताच गुंडाळला की असाच फिरतो, हे तिला रोजचं होतं. तिने बाबांना हाक मारली, त्यांचा तळहात माझ्यावर ठेवला आणि चक्री फिरवली.

"बाबा, हात नाही गेला तुमचा," ती म्हणाली. "दोरी घसरतेय."

बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं, परत परत पाहिलं. मग जुन्या नायलॉनचा तुकडा शोधून आणला. त्याचे थोडे वेढे आधी गाभ्यावर आवळले, ते घसरत नाहीत; मग त्याच्या टोकाला मला गाठ मारून जोडलं. लेकीने मला ओल्या फडक्यातून ताणून धरलं आणि बाबांनी घट्ट गुंडाळलं.

टोपीवाले काका वाळूवर आले ते काठीची पिशवी घेऊनच. बाबांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि गळ टाकला. हिसका आला. बाबांनी चक्री फिरवली आणि या वेळी मी आत आले, मित्रांनो! मासा तिकडे खेचत होता, बाबा इकडे खेचत होते आणि मधे मी ताठ. बराच वेळ झटापट झाली, मग मासा तडफडत वाळूवर आला.

त्या ओढाताणीत मी बाबांच्या बोटात रुतले होते. रक्त आलं होतं. लेक रुमाल घेऊन धावली, पण बाबा तिला बांधू देईनात. ते बोटाकडे टक लावून बघत होते.

"दुखतंय," ते म्हणाले. "अगं, दुखतंय मला."

आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. काकांनी पिशवीची घडी केली आणि काखेत मारली.

आता मी झिजलेय, जागोजागी तूस सुटलंय. पण बाबा मला रोज गोड्या पाण्याने धुतात. माझे कापलेले तुकडे वाळूवर टाकत नाहीत, पक्ष्यांचे पाय अडकतात म्हणून खिशात घालून घरी आणतात. तुम्हीही तसंच करा. आणि तुमच्या घरात कुणी 'माझा हात गेला' म्हणून गप्प बसलं असेल, तर त्यांची काठी शेजाऱ्याला देऊन टाकू नका. त्यांच्याजवळ बसा आणि नक्की काय घसरतंय ते आधी बघा. आज संध्याकाळीच बघा. ती माणसं बोलून दाखवत नाहीत, पण माझ्यासारखाच त्यांनाही धीर निघत नसतो.