लातूरचं विणकाम

"चारनंतर या," बोर्डाच्या कचेरीतल्या शिपायानं सांगितलं आणि बाकावर बसलेल्या शाळाशाळांच्या क्लार्कांनी एकदम उसासा टाकला. महानंदा बिरादारला तेवढं बरं वाटलं. फाईल दिल्याची पावती पर्समध्ये कोंबत ती जिना उतरली आणि गंजगोलाईच्या बाजाराकडे निघालेल्या ऑटोत अंग चोरून बसली.

नांदेडच्या एका शाळेत ती क्लार्क होती. दहावीच्या पोरांच्या नावात, जन्मतारखेत चूक झाली की लातूरला खेटा घालावा लागतो, आणि हे काम शाळेत सगळे एकमेकांवर ढकलत. एवढा एस.टी.चा प्रवास, वर दिवसभर ताटकळणं, कोण जाणार? दिवाळीनंतर मात्र महानंदा स्वतःहून जायला लागली. हेडमास्तरांना वाटलं, बाईंचा बढतीवर डोळा असेल. नवऱ्याला, बसवंतला, वाटलं की हिला घरात करमत नाही. त्याचं निम्मं खरं होतं.

घरात लेक होती, सृष्टी, बाळंतपणाला आलेली. दोन वर्षांपूर्वीही अशीच आली होती. तेव्हा महानंदानं आधीच टोपडं, मोजे, निळं स्वेटर असं सगळं विणून कपाटात रचून ठेवलं होतं. मुलगा झाला, पण तो रडलाच नाही. भेटायला आलेली विहीण दारातच म्हणाली की लेकरू यायच्या आधी लेकराचं काही घरात करू नये, हे जुनी माणसं उगाच सांगत नसतात. सृष्टी आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं आणि ती काहीच बोलली नाही. विहिणीच्या बोलण्यापेक्षा लेकीचं ते न बोलणंच महानंदाला जास्त लागलं. स्वेटरचं पुढं काय झालं, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. सुया तिनं शेजारणीला देऊन टाकल्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. महानंदानं नांदेडात ताक सोडलं आणि लातुरात प्यायला सुरुवात केली. घरात करू नये ना? मग घरात करायचंच नाही. गंजगोलाईच्या एका गल्लीत बेगमबीचं लोकरीचं, लेसचं, बटणांचं दुकान होतं. तिथंच तिनं सुया घेतल्या, पिवळी लोकर घेतली आणि तिथल्याच स्टुलावर बसून विणायला लागली. निघताना विणकाम बेगमबीच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि रिकाम्या हातानं नांदेडची एस.टी. धरायची. ही पळवाट देवाला कळत नसेल असं तिला वाटत नव्हतं, पण हात ऐकत नव्हते.

आज पुढचा-मागचा भाग जोडून झाला होता, बाह्या राहिल्या होत्या आणि लोकर संपली होती. बेगमबीनं नवा गुंडा पुढं केला.

"लॉट नवा हाय, नंदाबाई. जरा फिक्का पडंल."

महानंदानं दाराच्या उजेडात दोन्ही रंग शेजारी धरले. फिका पडतच होता. एरवी तिनं जुन्या रंगासाठी गोलाईतलं दुकान न् दुकान पालथं घातलं असतं. आज तेवढा धीर नव्हता. सृष्टीला अजून महिना होता, तरी रात्रीपासून तिची कंबर दुखत होती, आणि सकाळी "वात धरला असंल, शेकून घे" असं सांगून ही बया निघून आली होती. का आलो आपण? लोह्याला तिनं उतरून परत फिरायचं ठरवलं होतं, अहमदपूरलाही ठरवलं होतं, आणि दोन्हीकडे ती खिडकीशी बसूनच राहिली होती.

तिनं बाहीला सुरुवात केली. टाके सुटत होते, पुन्हा धरले की पुन्हा सुटत होते. दर ओळीला ती फोन उलटून बघत होती. बेगमबी म्हणाली, आज राहू द्या, चहा घ्या. चहा आला तो निवला. तेवढ्यात बसवंतचा फोन आला. सृष्टीला दवाखान्यात आणलंय, डॉक्टरीण म्हणते थांबता येत नाही, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल.

फोन ठेवला आणि महानंदानं सुई सर्रकन ओढून काढली. मग ती उसवायला लागली. बाही उसवली, खांदा उसवायला घेतला. एस.टी. सुटायच्या आत सगळं उसवून टाकलं तर काही केलंच नव्हतं असं होईल, एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात होतं. बेगमबीनं तिचं मनगट धरलं.

"काय करून राहिल्या?"

"हे नसलं पायजे, आपा. मी पुन्यांदा तेच केलं."

बेगमबीनं तिच्या हातातून स्वेटर काढून घेतलं, सुटलेला धागा गुंड्याला गुंडाळला, सुया खोचल्या आणि सगळं पिशवीत घालून तिच्यापुढं धरलं. महानंदा म्हणाली, इथंच राहू द्या की.

"आता न्हाई ठेवत. तुमच्या जिवाला बरं वाटायलंय म्हून इतके दिस ठेवलं. आता मलाबी भ्या वाटायलंय. काय बरंवाईट झालं तर हे मी कुठं टाकू?"

महानंदा पिशवी घेऊन निघाली.

एस.टी.त तिनं पिशवी पायानं सीटखाली ढकलली. उतरताना विसरलो म्हणायचं, कंडक्टर करेल काय ते. चाकूरच्या पुढं तिनं ती ओढून मांडीवर घेतली. अहमदपूर गेल्यावर फायलीची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच फायलीचं तिला काही वाटलं नाही. बसवंतचा फोन लागत नव्हता. शेजारची बाई कुठं उतरणार म्हणून विचारत होती, तिला हिनं भलतंच, लातूर सांगितलं.

दवाखान्याच्या दारात बसवंत उभा होता. "पोरगी झाली. रडली," तो म्हणाला, आणि मग स्वतःच रडायला लागला. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण डॉक्टरीण म्हणते काळजी नाही. महानंदानं काचेतून नात बघितली. एवढीशी, लालभडक, मुठी वळलेली. तिला देवाचं नावसुद्धा सुचलं नाही.

सृष्टी जागी होती. महानंदानं पिशवी खाटेखाली सरकवली, पण धागा बाहेर लोंबत राहिला.

"काय हाय पिशवीत?"

"काय न्हाई. शाळेचं हाय."

"शाळेचं पिवळं कसं?"

महानंदा खाली बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. घरात आणलं नाही गं, लातूरलाच ठेवत होते, माझ्यानं राहवलंच नाही, म्हणून ती लहान पोरीसारखी रडली. सृष्टी छताकडे बघत होती.

"आई, मागच्या टायमाला त्याला नेताना तू ते निळं घातलंस. बाबांनी सांगितलंय मला."

बसवंतनं ते पाहिलं होतं, हेसुद्धा महानंदाला ठाऊक नव्हतं.

"थंडीचे दिस होते. उघडं कसं पाठवू मी?" ती म्हणाली.

"मी त्याचं तोंडबी बघितलं न्हाई. त्याच्या अंगात आजीचं स्वेटर होतं, एवढंच माझ्यापाशी हाय." सृष्टी थांबली. बोलताना टाके ओढत होते. "ही पेटीतून भाईर येस्तोवर बाह्या होतेत का?"

"होतेत."

"मग विण. इथंच बस, मला दिसंल असं."

महानंदानं स्टूल खाटेजवळ ओढलं. सुटलेले टाके सुईवर येईनात. सृष्टीनं सलाईन नसलेला हात लांबवून गुंडा मुठीत धरला, आणि आई ओढेल तसा ती धागा थोडा थोडा सैल सोडत राहिली.