तीनशेवीस नंबरचं तेल

मित्रांनो, रीत म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. नाहीतर तुमच्यापैकी माझे मित्र किती, याची मला दाट शंका आहे. मी एक जुना, निकामी झालेला गिअरबॉक्स. भिलाईत, हुडको नावाच्या वसाहतीतल्या एका घराच्या पोर्चमध्ये मला लाकडी पाटावर मांडून ठेवलंय. एका बाजूला कूलर, दुसऱ्या बाजूला चपलांचं रॅक. येणारा-जाणारा मला पाहून विचारतो, "ये क्या है?" कोणी पंप समजतो, कोणी मोटर. परवा एका पाहुण्याने तर माझ्या डोक्यावर आपलं हेल्मेट ठेवलं आणि खुशाल चहा प्यायला आत गेला.

माझा जन्म जर्मनीतला. एका महागड्या गाडीसाठी मला घडवलं. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, तपासलं आणि पुन्हा तपासलं. माझ्यात आठ गिअर होते आणि ते माझे मीच बदलायचो. चालवणाऱ्याने डावा पाय हलवायचंही काम नाही. हे सगळं मी करायचो तेलाच्या जोरावर. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल फक्त चक्रांना बुडवून ठेवतं. माझ्यात मात्र तेच तेल सुईएवढ्या बारीक वाटांमधून धावतं आणि आतल्या चकत्या दाबतं, सोडतं. तेल पातळ हवं, नेमकं हवं. म्हणून माझ्या पोटाखाली, तेलाच्या बोल्टाशेजारी, त्या माणसांनी एक पाटी चिकटवली आणि तिच्यावर माझ्या तेलाचं नाव लिहिलं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे माझा जीव याच्यावरूनच गेला.

माझा पहिला मालक रायपूरचा एक ठेकेदार. त्याचं नावसुद्धा मला तोंडात घ्यायचं नाही. गाडी अजून मागे सरकत असायची आणि हा धाडकन पुढचा गिअर टाकायचा. माझी हाडं खिळखिळी व्हायची आणि हा फोनवर कोणाला तरी शिव्या घालत असायचा. तेल बदलायचं का, असं त्याने शोरूममध्ये एकदाच विचारलं. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने सांगितलं, "सर, इसमें लाइफटाइम ऑइल है, कभी बदलना ही नहीं." त्या एका वाक्यावर मी आठ वर्षं तेच काळं पडलेलं तेल पोटात घेऊन पळालो. माझ्या तोंडाला इतक्या सफाईने पानं दुसऱ्या कोणी पुसली नाहीत.

मग ती गाडी राजदीपने घेतली. राजदीप रायपूरला नोकरी करतो, राहतो इथे हुडकोत, आईवडलांबरोबर. त्याचे वडील भय्याजी इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. चौतीस वर्षं त्यांनी रोलिंग मिलच्या तेल विभागात काढली. मिलच्या जमिनीखाली तेलाच्या टाक्यांचं मोठं तळघर असतं, त्याला तिथे ऑइल सेलर म्हणतात. त्याच तळघरात एकदा ते निसरड्या फरशीवरून घसरले आणि त्यांचा डावा गुडघा कायमचा गेला. आत सळई बसली. क्लच दाबणं बंद, म्हणजे गाडी चालवणं बंद.

त्याहून मोठं एक बंद झालं होतं. भय्याजींचे वडील धोंडबा छप्पन्न साली दीक्षाभूमीवर होते, त्या दिवशी, त्या गर्दीत. तेव्हापासून या घरातलं कोणी ना कोणी दर दसऱ्याला नागपूरला जायचंच. गुडघा गेल्यावर भय्याजींना ट्रेनची रेटारेटी झेपेना. राजदीप म्हणायचा, मी नेतो. भय्याजी म्हणायचे, "मी पोत्यावानी मागं बसून नाई येत. जाईन तर सोता जाईन." असं करता करता अकरा दसरे गेले.

राजदीपने गाडी निवडताना फार डोकं खाजवलं. ऑटोमॅटिकच घ्यायची, हे ठरलेलं. पण कोणती? दोन क्लचवाली? ती गर्दीत तापते, असं त्याला कोणीतरी सांगितलं. पट्ट्यावर चालणारी? ती त्याला रडकी वाटली. शेवटी त्याने मला पसंत केलं. घरी येऊन म्हणाला, "पापा, इसमें क्लच ही नहीं है. डावा पाय आराम से ठेवा."

भय्याजी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहत म्हणाले, "माह्या पायाची दया करून राहिला का तू?"

तरी बसले. सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत गेले आणि परत आले. येताना एका हाताने स्टीअरिंग धरून, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. उतरल्यावर बायकोला, शेवंताबाईंना, म्हणाले, "शेवंता, यंदा दसऱ्याले आपन नागपूर. मी चालवत नेतो तुले." शेवंताबाईंनी लगेच पेटीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात टाकलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. एवढंच काय ते माझ्या आयुष्यातलं कौतुक.

दसऱ्याला दहा दिवस उरले आणि माझा धीर सुटला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मी हिसका देऊ लागलो. आठ वर्षांचं सडकं तेल, दुसरं काय होणार? राजदीपने शोरूमला फोन केला. तिकडून तेच गाणं, लाइफटाइम, सील्ड, हात लावू नका.

भय्याजींनी फोन संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "कोन म्हनते लाइफटाइम? चौतीस वर्स तेलातच काढले म्या. लाइफटाइम तेल अजून कोनी काढलं नाई."

मित्रांनो, त्या क्षणी मला हा म्हातारा आवडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेतली होती. मला काय माहीत, माझी बाजू घेऊन हाच माझा गळा धरणार आहे.

राजदीप म्हणाला, "ठीक आहे, बदलू. पण ओरिजिनल मागवावं लागते. पंधरा दिवस बोल रहे हैं."

"दसरा दहा दिवसांवर हाय."

"तर ट्रेननं जाऊ ना, पापा. मी राहीन सोबत."

"मी तुह्या आईले सांगतलं हाय का मी चालवत नेतो. तेलाचं मी पाहतो."

"मिल का गियरबॉक्स नहीं है ये. किसी से पूछ तो लो एक बार. पर पूछना तो आपके खून में ही नहीं है."

"दोन व्हिडिओ पाहून तू मले तेल शिकवून राहिला का?"

राजदीप दार आपटून आत गेला. त्यानंतर बापलेकांत बोलणं असं झालंच नाही. जेवताना भाजीचं पातेलंसुद्धा शेवंताबाईंच्या हातून इकडून तिकडे जायचं.

भय्याजींनी मला ओमप्रकाशच्या गॅरेजमध्ये नेलं. ओमप्रकाश एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं गॅरेज. भय्याजींनी मिलमध्ये शेकडो पोरं तयार केली आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच धडा दिला: आधी मशीनची पाटी वाच, मग तेलाला हात लाव. जो पाटी न वाचता तेल घालायचा, त्याला ते आठवडाभर टाक्या पुसायला लावायचे. ओमप्रकाशनेही पुसल्या होत्या.

गॅरेजच्या खड्ड्यात भय्याजी स्वतः उतरले. दुखरा गुडघा धरून, एकेक पायरी. खांद्यावर फडकं. माझ्या पोटाला आठ वर्षांचा चिखल लिंपलेला होता. त्यांनी फडक्याने बोल्ट तेवढा पुसला. पाटी बोल्टाच्या शेजारीच होती, चार बोटांवर, चिखलाखाली. मी मनात म्हटलं, पूस, अजून जरा पूस. फडकं पुन्हा खांद्यावर गेलं.

वर डबा ठेवला होता. मिलच्या अवजड यंत्रांचं तीनशेवीस नंबरचं तेल, जाड, मधासारखं. मिलमध्ये एखादा गिअरबॉक्स खडखडू लागला की भय्याजी जाड तेल घालून त्याला शांत करायचे, आणि तो व्हायचा. ओमप्रकाशने डबा पाहिला. जरा घुटमळला. म्हणाला, "भय्याजी, एक बार देख लें, इसमें कौन सा लगता है?"

भय्याजी खालूनच म्हणाले, "ओमप्रकाश, तुले तेल कोनं शिकवलं?"

"आपने."

"मंग दे डबा."

त्याने दिला. मला ओमप्रकाशचाही राग येतो. माहीत होतं तर हात आखडायचा होता. पण प्लांटमधली रीतच तशी, उस्तादाला उलटं बोलायचं नाही. उस्तादाच्या मानापायी माझा बळी गेला.

आता ऐका गंमत. ते जाड तेल पोटात गेल्यावर माझा हिसका खरंच थांबला. हुडकोत दोन चकरा झाल्या, मी लोण्यासारखा चाललो. भय्याजी घरी येऊन सोफ्यावर पाय लांब करून बसले. राजदीपच्या खोलीकडे त्यांनी दोनदा पाहिलं. मी आतून ओरडत होतो की माझा श्वास कोंडतोय. माझं कोण ऐकणार?

दसऱ्याला सकाळीच निघाले. भय्याजी चालवायला, शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या शेवंताबाई, मांडीवर डब्याची पिशवी. मागे राजदीप, खिडकीबाहेर तोंड करून. राजनांदगावपर्यंत मी कसंबसं रेटलं. ऊन तापलं, मी तापलो, तेलाला फेस आला. बारीक वाटांमधून ते जाड तेल पुरेसं येईना आणि चकत्या घट्ट बसेनात. त्या एकमेकींवर घासत, जळत होत्या. चिचोल्याच्या पुढे चढण लागली. इंजिन गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. समोर काचेवर लाल अक्षरं उमटली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, तेव्हा खालून करपल्याचा वास येत होता.

शेजारून निळे झेंडे लावलेल्या गाड्या जात होत्या. हात बाहेर काढून लोक जयभीम करत होते. भय्याजी रस्त्यावर उभे राहून प्रत्येकाला जयभीम करत होते, आणि दर वेळी त्यांचा हात जरा खाली येत होता.

राजदीप उतरला. गाडीच्या खाली वाकून वास घेतला आणि म्हणाला, "कौन सा डाला था?"

"तीनशेवीस."

"मैंने बोला था ना. मैंने बोला था कि पूछ लो."

भय्याजी पुढच्या गाडीला जयभीम करायला वळले. तेवढ्यात बायकांनी भरलेली एक जीप थांबली. एका बाईने विचारलं, "माय, येता का? एकाची जागा हाये." शेवंताबाईंनी डब्याची पिशवी उचलली. भय्याजींना वाटलं, ही थांबेल.

"शेवंता."

"मी अकरा वर्स थांबली तुमच्यासाठी," शेवंताबाई म्हणाल्या. "आता मी जातो. तुमी बसा तुमच्या तेलाजवळ."

जीप गेली. बापलेक एकाच झाडाखाली, एकमेकांकडे पाठ करून, गाडी उचलून नेणारा ट्रक येईपर्यंत बसून राहिले. बारावा दसरा तिथे गेला.

पुढे गाडीला दुसरा गिअरबॉक्स बसला आणि राजदीपने ती विकून टाकली. घरात छोटी गाडी आली, क्लचवाली. "अब मैं चलाऊँगा," तो म्हणाला. विषय संपला. भय्याजींनी फक्त मला मागून घेतलं. राजदीप म्हणाला, या कबाडाचं काय करणार? त्यांनी मला पोर्चमध्ये उतरवून घेतलं.

एका सकाळी त्यांनी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि मला उलटं केलं. मशीन उघडण्याआधी धुवायचं, हा प्लांटचा नियम. रॉकेलने धुतलं, खांद्यावरच्या फडक्याने पुसलं. चिखल निघाला आणि पाटी वर आली. भय्याजींनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग बोट तिथेच राहिलं. शेवंताबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला.

मग त्यांनी मला उघडलं. जळून काळ्या पडलेल्या चकत्या ओळीने मांडल्या. तेलाच्या बारीक वाटा पाहून त्यांनी शेवंताबाईंकडून शिवणाची सुई मागवली आणि एका वाटेत घालून पाहिली. सुई अडकली. भय्याजी स्वतःशीच म्हणाले, "अन म्या याच्यात तीनशेवीस घातलं."

त्यांनी ओमप्रकाशला फोन केला. "ओमप्रकाश, तू बरोबर होता. म्या तुह्याकून टाक्या पुसून घेतल्या होत्या ना, आता मले पुसा लागते." पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी राजदीप कामावरून आला. भय्याजींनी त्याला पाटीसमोर बसवलं. "वाच." त्याने वाचलं. "मोठ्यानं वाच." त्याने मोठ्याने वाचलं.

"चूक माही होती," भय्याजी म्हणाले.

राजदीपने पाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "अब क्या फायदा, पापा," म्हणाला आणि बूट काढून आत गेला. क्लचवाल्या गाडीची किल्ली आत खिळ्याला लटकवल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी इथे आहे. भय्याजी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन माझ्याजवळ बसतात आणि माझी पाटी पुसतात. स्वच्छच असते, तरी पुसतात. मला त्यांची कीव येत नाही. शोरूमवाल्याने मला फसवलं, ठेकेदाराने छळलं, त्या दोघांना मी कधीच माफ करणार नाही. पण त्यांना काही येत नव्हतं, असं म्हणून मी त्यांना बाजूला ठेवू शकतो. या माणसाला मात्र सगळं येत होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हुशार व्हाल, तुमच्या हाताखाली चार माणसं शिकतील आणि तुम्हाला विचारायला घाबरतील. तेव्हा माझ्यासारख्या मुक्या यंत्रासमोर खाली वाका आणि त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. माझी पाटी पुसायला एक फडकं पुरेसं होतं. ते त्यांच्या खांद्यावरच होतं.