आप्पासाहेबांनी मला नेले नाही

मित्रांनो, मांजरी गावाच्या शिवेवर पत्र्याचे नवे कुंपण घातलेली एक जागा आहे. आत चिंचेच्या झाडाखाली विटकरी रंगाचा एक ट्रक दिसेल. त्याची चाके काढून नेली आहेत आणि तो दगडांच्या थप्प्यांवर उभा आहे. तो ट्रक मी. भंगारवाले उद्या-परवा मला कापायला येतील. तोवर वेळ आहे, म्हणून माझी हकीकत सांगतो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी पुण्यात आलो. आलो तो नुसता सांगाडा होऊन. इंजिन होते, चाके होती, पण टप नव्हता की दार नव्हते. एका चालकाने लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला उपरणे गुंडाळून, ऊनवारा खात मला कारखान्यापासून इथवर आणले. भवानी पेठेतल्या सुतारांनी मला केबिन बांधली, सागवानी फळ्यांचा हौदा ठोकला. रंगाऱ्याने कपाळावर 'श्री तुकाई प्रसन्न' लिहिले, तेव्हा कुठे मी माणसांत आल्यासारखा झालो.

माझे मालक हिंदुराव. थोरला भाऊ शेत बघायचा आणि हिंदुराव मला बघायचे. गळिताच्या हंगामात मी ऊस वाहिला. एरवी वाघोलीची खडी, पुरंदरचा कांदा, लग्नाची वऱ्हाडे, जे पडेल ते. दिवे घाटाची चढण मी इतक्यांदा चढलो की तिथली वळणे मला झोपेतही आली असती. सकाळचा पहिला चहा घेण्याआधी हिंदुराव माझ्या रेडिएटरमध्ये पाणी भरायचे. तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, पुसायची, पुन्हा घालायची आणि उजेडात धरून बघायची, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या बायको मैनाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्या तोंडाकडं कधी एवढं निरखून बघितलं न्हाई तुम्ही." हिंदुराव हसले होते, पण पट्टी बघून झाल्यावरच.

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडा अंधारल्या, मग मधलेही गेले. गेलेली नजर परत यायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हिंदुरावांनी किल्ली पुतण्याच्या, जयसिंगच्या हातात दिली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जयसिंग वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घाई असायची. एका उन्हाळ्यात माझी पाण्याची नळी गळू लागली. दिवे घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल खुणेपाशी गेला. वर गेल्यावर बघू, असे म्हणून त्याने मला तसेच रेटले. त्या चढणीवर माझ्या आतल्या एका भिंतीला केसाएवढी चीर गेली. तिच्या एका बाजूला पाणी होते, दुसऱ्या बाजूला तेल. ती कोणाला दिसली नाही. मी कसाबसा घरी आलो. पुढे माझी ओढ कमी झाली, तेव्हा जयसिंगने मला चिंचेखाली लावले आणि स्वतः टेम्पो घेतला. दोन पावसाळे मी तिथेच उभा होतो. हौद्यात गवत उगवले, केबिनमध्ये कुत्रीने पिल्ले घातली. मित्रांनो, कामाने थकणे आणि उभ्याने गंजणे यांतले दुसरे फार वाईट.

थोरला भाऊ वारला, शेत इमारतींसाठी विकले गेले आणि जागा मोकळी करायची वेळ आली. जयसिंगने माझ्यासाठी एक गिऱ्हाईक शोधले. सासवडचे कांद्याचे व्यापारी आप्पासाहेब. त्यांना घाटातून ये-जा करायला जुनाच ट्रक हवा होता. त्यांचे म्हणणे सरळ होते. गाडी माझ्यासमोर चालू झाली तर आजच नेतो, नाही तर नको. ते नाही म्हणाले की मी भंगारात जाणार, हे ठरलेलेच होते.

ते सकाळी आले. बरोबर त्यांचा मुलगा संपत होता. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि ट्रक तोच चालवणार होता. हडपसरहून संभाजी मिस्त्रीला बोलावले होते. मैनाबाईंचा हात धरून हिंदुरावही आले आणि माझ्या बंपरला पाय लागेपर्यंत चालत राहिले.

चाकांत हवा भरली, नवी बॅटरी जोडली. स्टार्टर फिरला, पण मी पेटलो नाही. संभाजीने टाकी रिकामी केली. तळाशी डिझेलपेक्षा पाणीच जास्त निघाले. त्याने ताजे डिझेल भरले, गाळणी बदलली, नळ्यांत अडकलेली हवा पंप मारून मारून बाहेर काढली. तरी मी पेटलो नाही. तेलाची पट्टी बघून तो म्हणाला, की तेल भरपूर आहे, उलट जरा वरच आहे. हिंदुरावांनी मान त्याच्याकडे वळवली. तेल कोणी घातले, असे त्यांनी विचारले. जयसिंगला आठवेना. मला ठाऊक होते. चिरेतून झिरपलेले पाणी इंजिनाच्या तळाशी बसले होते आणि तेल त्याच्यावर तरंगत होते. पण मला सांगता येत नव्हते.

दुपार कलली. आप्पासाहेब खाटेवरून उठून चपला शोधू लागले. तेव्हा हिंदुरावांनी हात आत घातला आणि डिझेलच्या पंपावरून बोटे फिरवली. इंजिन बंद करायची दांडी ओढलेल्या जागीच चिकटून बसली होती. ती सुटत नव्हती, म्हणून डिझेल पुढे जातच नव्हते. त्यांनी लाकडाच्या तुकड्याने तिला हळूहळू ठोकले. दांडी सुटली.

संभाजीने किल्ली फिरवली. मी एकदा खोकलो, दुसऱ्यांदा खोकलो आणि पेटलो. पांढरा धूर झाडात गेला, कावळे उडाले, पिल्ले भुंकत सुटली. मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सौदा पक्का करायला जयसिंगने आप्पासाहेबांपुढे हात केला. संपत चढून केबिनमध्ये बसलादेखील. त्याने स्टिअरिंग धरले आणि मित्रांनो, मला पुन्हा घाटातले वारे आठवले.

हिंदुराव मात्र माझा आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी मला बंद करायला लावले आणि तेलाची पट्टी मागितली. अंगठा आणि बोट यांत तेल चोळून पाहिले. पाणी आणि तेल आता घुसळून एक झाले होते. दाट ताकासारखे. त्यांनी ते हुंगले. त्यांना सगळे कळले, आणि त्यांना कळले हे मलाही कळले.

मी मनातल्या मनात त्यांची विनवणी केली. बोलू नका, मला जाऊ द्या.

"आप्पासाहेब," हिंदुराव म्हणाले, "गाडी पेटली ती खरी. पण तेलात पाणी उतरलंय. आत कुठंतरी फुटलीय ती."

"म्हंजे दुरुस्त व्हईल की."

"न्हाई व्हायची. आज चालंल, उद्या चालंल. एक दिस घाटात, भरल्या मालानिशी, हे इंजिन आवळून जागच्या जागी जाम व्हईल. तवा आत तुमचं पोरगं आसंल."

आप्पासाहेबांनी संपतला खाली उतरायची खूण केली. तो उतरला. आप्पासाहेबांनी हिंदुरावांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मग बापलेक सासवडच्या गाडीसाठी सडकेकडे निघून गेले.

"तात्या," जयसिंग चुलत्यांना म्हणाला, "चालू झालेली गाडी मारली तुम्ही."

हिंदुरावांनी त्याला घाटातल्या त्या दिवसाबद्दल विचारले नाही. नंतरही विचारले नाही. जयसिंग भंगारवाल्याला फोन करायला गेला.

मित्रांनो, खरे सांगतो, त्या घटकेला मला त्यांचा राग आला. ज्याने मला जन्मभर जपले, त्यानेच मला मोडीत काढले, असे वाटले. आता राग नाही. संपत घरी पोचला असेल, एवढेच मनात येते. पण दुःख आहे, ते लपवत नाही. नळी गळत होती तेव्हा कोणी गाडी थांबवून बादलीभर पाणी घातले असते, तर मी आजही कांदा वाहिला असता. म्हणून मागणे एवढेच, की तुमच्या दारात, शेतात, घरात जे मुकाट राबते, ते यंत्र असो, जनावर असो की माणूस, त्याची रोज विचारपूस करा. आतली चीर बाहेरून दिसत नाही, आणि गेली की सांधत नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर हिंदुराव माझ्या इंजिनावर तळहात टेकून उभे होते. मैनाबाईंनी घरी चला म्हणून दोनदा हाक मारली.

"थांब जरा," ते म्हणाले, "अजून कोमट हाय."