एका माशाची दोन नावं

भूगर्भ खात्याचे लॅसेल्ससाहेब लंडनहून स्कॉटलंडमधल्या थर्सोला आले ते मोवटला हाकलायलाच. फरशीच्या खाणीजवळच्या गारठलेल्या खोलीत हातमोजेही न काढता त्यांनी सांगून टाकलं, "सोमवारपासून कोळशाच्या खाणींचे नकाशे काढ. मासे तुझ्या आवाक्याबाहेरचे."

सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ मॅग्नस मोवटने दातओठ खाल्ले. या माणसाचा त्याला मनापासून तिरस्कार होता. उभी हयात त्याने समुद्राचा वारा खात फरशीच्या दगडांतून प्राचीन माशांचे जीवाश्म काढले, आणि साहेबांनी लंडनमध्ये शेकोटीपाशी बसून त्यांना नावं दिली. मोवटचं नाव एकालाही नाही. शेवटी गेल्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. दगड फोडला की माशाचे दोन भाग होतात. काही हाडं या तुकड्यावर राहतात, काही त्या. दोन्ही तुकडे एकत्र पाठवायची रीत. त्याने एकच पाठवला. साहेबांनी त्याला स्वतःचं नाव ठोकलं आणि पदक पटकावलं.

दुसरा तुकडा, चटकन जुळू नये म्हणून कडा छाटलेला, फळीवर पडून होता. साहेबांची नजर नेमकी तिथेच गेली.

"हे काय दडवून ठेवलंयस? कवटी बघ, किती निराळी! नवाच मासा!"

"तुमच्या पदकवाल्या माशाशी एकदा ताडून बघा की, साहेब."

"मला शिकवतोस? तो मासा मला पाठ आहे." साहेब जरा नरमले. "हे बघ, याला तुझं नाव देतो. पण तोंड बंद ठेवून कोळशाकडे चालतं व्हायचं."

मोवटला आयुष्यभर एवढंच तर हवं होतं! पण एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर पहिलं टिकतं, दुसरं खोडतात, हा शास्त्राचा कायदा. म्हणजे खोडलं जाणार ते त्याचं.

"माझं कशाला, साहेब?" तो गोड आवाजात म्हणाला. "लॉर्ड स्ट्रॉथनांचं द्या."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांचा डोळा खात्याच्या प्रमुखपदावर होता; तो प्रमुख यंदा लॉर्डच नेमणार होते, आणि आपल्या नावाला कुणी बोट लावलेलं लॉर्डना खपत नसे.

"तुला अक्कल आहे म्हणायची!"

साहेबांनी दगड स्वतःच्या हातांनी लोकरीत गुंडाळला. मोवटने अदबीने दार उघडून धरलं.

"कपाटात हा आणि तुमचा पदकवाला, दोघांना शेजारीशेजारी ठेवा हं, साहेब," तो म्हणाला. "अगदी तोंडाला तोंड लावून."