यमुनाकाकूंच्या नाकाखालचं तीळतेल

मी तीळ बोलतोय. म्हणजे होतो तीळ. सध्या तेल आहे. वटार गावात यमुनाकाकूंच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत. वेळ कमी आहे, म्हणून जरा भरभर सांगतो.

माझं तेल निघालं चंदनसारला, धनेशच्या लाकडी घाण्यावर. धनेशची शाळा अर्धवट, पण तेलाचं सगळं तोंडपाठ. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "याला वासच नाही. भेसळ दिसते."

धनेश हसला. "बसा साहेब, चहा घ्या. तेलाचं अंग म्हणजे मुख्यतः ओलिक आणि लिनोलिक आम्लं. त्यांना वास जवळजवळ नसतोच. हे तीळ कच्चेच घाण्यात घातलेत. कढईत भाजले, की त्यांच्यातली साखर आणि प्रथिनं तापून थेंबभर सुगंधी काहीतरी तयार होतं. तुम्ही नेता लिटरभर, पण भुलता त्या थेंबाला!"

गिऱ्हाईक दोन लिटर घेऊन गेलं.

मला मात्र त्यानं मुद्दाम भाजून काढलं, यमुनाकाकूंसाठी. एका तापानंतर त्यांना वास येणंच बंद झालं होतं. काकू राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. केळी कधी सोलायची, हे त्या नुसतं हुंगून ठरवायच्या. गेल्या खेपेला सगळी केळी आंबली आणि त्यांना पत्ताच नाही! शेजारणींनी तोंडं फिरवली, तेव्हा कळलं. काकूंनी सुकेळी करणंच सोडलं.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास रोज दोनदा हुंगा. काकूंना पहिला आठवला भाजक्या तिळाचा.

"कपाटात ठेवा हं काकू," धनेशनं बजावलं. "ऊन लागलं की लिनोलिक तुटतं, तेल खवटतं. आत तिळाचाच सेसमॉल खवटपणापासून राखण करतो, पण तो तरी किती पुरणार?"

काकूंनी मान हलवली. आणि जन्मभर लोणच्याच्या बरण्यांना ऊन दाखवलेल्या त्या बाईनं मलाही खिडकीत ठेवलं! "तापलं की वास जास्त सुटेल."

रोज दोनदा बूच उघडायचं. मी असेल नसेल तेवढा सुगंध पुढे करायचो.

"आला का, आई?" सून संपदा विचारायची.

"पाण्याला येईल एकवेळ, याला नाही."

तीन महिने हेच. माझा जीव खालीवर. बूच उघडलं की थोडा वास उडून जायचा, वरून ऊन. माल संपत आलेला आणि गिऱ्हाईक अजून दारातच! मग आत काहीतरी तुटायला लागलं. मला माझीच लाज वाटू लागली.

आज सकाळी काकूंनी बूच काढलं आणि नाक मुरडलं. "शी! संपदा, खवट झालंय गं हे!"

"आई, ते खराब झालं असेल तर दुसरं..." संपदा मध्येच थांबली. "आई, तुम्हाला कळलं कसं?"

काकूंनी पुन्हा हुंगलं. परत एकदा हुंगलं. खवट तेल इतक्या मायेनं हुंगलेलं कुणी पाहिलं नसेल.

"धनेशला फोन लाव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ताजं पाठव म्हणावं. आणि परसातला राजेळीचा घड कुणाला देऊ नकोस."

चांगला वास देऊन जावं, एवढीच माझी इच्छा होती. नाही जमलं. पण काम झालं, ते झालं.

आता माझ्यात काही तळू नका. तुमच्या फाटकाची बिजागरी करकरतेय, तिला लावा. आणि नवी बाटली येईल ना, ती तेवढी कपाटात ठेवा, काकू.