पासष्टच्या आत

"जुन्या गाडीला सूट हाय, सलीमभाऊ. कळंबच्या एका माणसानं सांगितलंय," गेणभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी हातातला पाना आपटलाच.

"डिझेलला न्हाई ओ! जुन्या पेट्रोल गाड्यांना आकडा जरा सैल हाय, इतकंच. तुमच्या जिपेला पासष्टच्या आतच. आन् आला किती? अठ्ठ्याऐंशी!"

जुन्नरच्या माझ्या गॅरेजला लागूनच पीयूसीचं यंत्र आहे. सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर दाबला की धुराचा आकडा येतो. गेणभाऊंच्या जिपेनं असा काळा लोट सोडला की समोरचा चहावाला शिव्या घालत आत पळाला. गाडीला पंधरा वर्षं झालेली, नोंदणीची मुदत आज संपणार. पासिंगच्या कॅम्पला आलेले आरटीओचे साहेब चारला उठणार. पीयूसी नाही तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर उद्यापासून जीप त्यांच्या गावी, निमगाव सावातच उभी. आणि हा बाबा मला कळंबचा माणूस सांगतोय!

"पंप मी केला, नोझल मी केले. खोट गाडीत न्हाई, तुमच्या पायात हाय. कितीनं चालवता?"

"पंचवीसनं."

"तरीच! आत काजळी साचलीय. गणेश खिंडीच्या चढाला दाबून पळवा, समदी झडून जाईल."

गेणभाऊंनी मागे पाहिलं. मागची बाकं काढून त्यांनी तिथं खाट बसवली होती. तिच्यावर त्यांची बायको, साळुबाई, आडवी होती. चार वर्षांपूर्वी गोठ्याच्या माळ्यावरून पडून मणका गेलेला. एसटीत बसवत नाही, म्हणून दर पंधरवड्याला दवाखान्यात याच जिपेतून. साध्या खड्ड्यानंही ती कळवळायची.

"वहिनींना इथं उतरवू," मी म्हणालो.

"उचललं की लई कळा येत्यात तिला. नगं राव. दुसरं काय तरी करा."

"दुसरं काय करू? यंत्राच्या पाया पडू?"

"अवो, दाबा की!" आतून साळुबाई कडाडली. "मी खाटेचा गज धरते. गाडीच गेली तर मला काय पाठुंगळी नेणार हाय का?"

मी शेजारी बसलो. खिंडीच्या चढाला लागलो आणि मी ओरडायला लागलो. "तिसऱ्यातच ठेवा! दाबा! अजून दाबा!" मागे धुराचा डोंगर. गाडी आदळत होती, खाटेचे नट खडखडत होते. साळुबाईचा मात्र आवाज नाही. गेणभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय त्यांनी उचलला नाही.

परत येऊन नळी घातली. एकसष्ट!

सर्टिफिकेट घेऊन मी जवळजवळ पळतच आलो. साळुबाईचा खालचा ओठ दातांनी फुटला होता. कपाळ घामानं निथळत होतं.

"किती दिसाचं हाय ह्ये?" तिनं विचारलं.

"सहा महिन्यांचं, वहिनी. मग पुन्हा तपासायचं."

तिनं ओठावरचं रक्त पदरानं पुसलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मंग आता म्हैन्यातनं एकदा आसंच दाबून पळवत जावा. काजळी साचू द्यायची न्हाई. मी धरीन गज."

गेणभाऊंनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ते बसून राहिले. चारला वीस मिनिटं कमी होती. मी काही त्यांना ओरडलो नाही.