टीव्हीमागची काडी

अकरा मार्च, मंगळवार. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला. दुपारनंतर लख्ख ऊन.

तारीख आणि हवा एवढी नीट सांगतेय, कारण माझ्या आयुष्याचं सोनं झालं ते त्या दिवशी. मी टीव्हीच्या पाठीमागची काडी बोलतेय. खोक्यावर माझं नाव मोठं, चमकदार अक्षरांत छापलेलं होतं. पण या घरात मी काडीच. बोटभर लांब, काळी, एका टोकाने टीव्हीत खुपसलेली. दुसऱ्या टोकातून निघालेली वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जाते. समोरून मी कुणाला दिसत नाही. आलेगेले टीव्हीकडे बघून म्हणतात, "वा, काय सुंदर चित्र येतं हो!" घराचं कौतुक करताना पाया कोण उकरून बघतो?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या एका बाईने माझी दोन कवचं अंगठ्याने दाबली. टक् असा आवाज झाला आणि मी पुरी झाले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा अंगठा तोवर पुढच्या बहिणीवर गेला होता. आम्ही हजारो बहिणी एकाच दिवशी बंदरातून निघालो आणि जगभर पांगलो. कुणी खलाशांच्या खोलीत लागली, कुणी इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात, तर कुणी अशा डोंगराळ गावात, जिथे पूर्वी छपरावरची ॲन्टेना फिरवून फिरवून माणसाचे खांदे दुखायचे आणि चित्रात मुंग्याच दिसायच्या.

आमचा पराक्रम म्हणाल तर एवढाच, की गोष्टीला आता वाट अडवणारं कुणी नाही. गोष्ट आधी संगणकावर आली, मग फोनवर, मग टीव्हीवर. एका देशातून दहा, दहातून शंभर. भाषेची वेस लागली तर तीही ओलांडते. आणि आमच्या दारावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी कधीच लागत नाही.

त्या पाटीवरून आई आठवल्या. या घरच्या आई उमेदीच्या काळात सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसायच्या. शेवटचं तिकीट फाडलं की खिडकी बंद करून त्या अंधारात मागच्या रांगेत जाऊन बसत. त्यामुळे एकाही सिनेमाची सुरुवात त्यांनी पाहिलेली नव्हती, पण शेवट सगळ्यांचे पाठ. पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. आधी कडा गेल्या, मग मधलं. मी या घरात आले तेव्हा त्यांना खिडकीतला उजेड तेवढा समजत होता.

आणि बाबा. बाबा अग्निशमन दलात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत ते 'बंबवाले'च.

मला या घरात लेकीने आणलं. ती दुसऱ्या गावी नोकरीला; सुट्टीत आली आणि खोका टेबलावर ठेवला.

"हे काय गं?" बाबांनी विचारलं.

"स्टिक आहे बाबा. टीव्हीला लावली की इंटरनेटवरचे सिनेमे दिसतात."

"म्हणजे काडी. आयुष्यभर मी लोकांनी लावलेल्या काड्या विझवल्या, आणि तू घरातच काडी घेऊन आलीस?"

"लावू दे हो तिला," आई म्हणाल्या. "तुम्ही आहात ना विझवायला!"

झालं. माझं बारसं झालं.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. लेक सुट्टी संपवून परत गेली, पण संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी बसत; बाबा सोफ्यावर, आई वेताच्या खुर्चीत. आईंना संवाद ऐकू येत, बाकीचं बाबांनी सांगायचं, असं ठरलं होतं. पण ज्याच्या पोटात आग विझवण्याचं काम मुरलंय, त्याला पडद्यावर दुसरं काय दिसणार?

"आता काय झालं हो?"

"काही नाही. ती बाई पत्र वाचतेय."

"मग?"

"मेणबत्ती पडद्याला टेकलीय. अक्कल नाही लोकांना."

"अहो, ती रडतेय की हसतेय?"

"ते काही कळत नाही. पण खोलीला दुसरं दार नाही, एवढं नक्की."

आई खो खो हसायच्या. पण गंमत ती किती दिवस पुरणार? एकदा एका सिनेमात बराच वेळ कुणी बोललंच नाही. नुसता वारा, पावलं, लांबवर कुत्र्याचं भुंकणं. आई मान पुढे करून ऐकत होत्या. "संपलं का?" त्यांनी विचारलं. बाबांना डुलकी लागली होती. पडद्यावर तेव्हा दोन माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

दुसऱ्या दिवसापासून आई स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसू लागल्या. "तुम्ही बघा, मला कामं आहेत," म्हणायच्या. वेताच्या खुर्चीत हळूहळू वाळलेले, घड्या न घातलेले कपडे साचले. बाबाही मग बातम्या पाहून टीव्ही बंद करू लागले. एका घरात दोन खोल्या आणि दोघांच्या मध्ये एक भिंत, असं झालं. लेकीला फोनवर दोघंही सांगत, "आमचं मस्त चाललंय."

लेक काही दूधखुळी नव्हती. तिने वेताच्या खुर्चीबद्दल एकदा विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "कपडे टाकायला बरी पडते." फोन ठेवल्यावर ती काय समजायचं ते समजली असणार. कारण त्यानंतर काही महिन्यांनी तिने नवी नोकरी धरली.

काम असं होतं: इंटरनेटवर सिनेमे-मालिका दाखवणारी परदेशातली एक नवी चित्रसेवा एकेका देशात पाय रोवत आपल्याकडे येऊ घातली होती, आणि येताना आपली भाषा शिकून येणार होती. नुसते संवाद नव्हेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचं सगळं सांगणारा एक आवाजही. दोन संवादांच्या मधल्या फटीत, कुणाच्या बोलण्यावर पाय न देता, जे दिसतं ते सांगायचं. त्या आवाजासाठी परीक्षा झाली आणि लेक निवडली गेली.

"तुला कसं काय जमलं गं?" आईंनी विचारलं होतं.

"बाबा जे सांगायचे, त्याच्या बरोबर उलट केलं."

बाबा तेव्हा हसले, पण ओशाळून.

सेवा फोनवर आधी सुरू झाली. लेक म्हणाली, "आई, शेजारणीच्या फोनवर ऐक ना." आईंनी साफ नकार दिला. "डबीत कान घालून सिनेमा ऐकायचा होय? तुझा आवाज मी ऐकेन तर ऐटीत, खुर्चीत बसून. आणि सुरुवातीपासून." मग टीव्हीवर, म्हणजे माझ्यावर, सेवा सुरू होण्याची तारीख जाहीर झाली. अकरा मार्च. लेक रजा टाकून आली. तिने खुर्चीतले कपडे उचलून पलंगावर टाकले, आईंना हात धरून बसवलं आणि रिमोट घेतला.

आता माझी व्यथा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बाबांचा रोजचा एक रिवाज होता. निजण्यापूर्वी ते घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करीत. फ्रिजचं तेवढं सोडून. शेवटचं बटण माझं. त्यांचंही चुकत नव्हतं. "मी विझवलेल्या निम्म्या आगी सॉकेटातून निघालेल्या," असं ते सांगत, आणि ते सांगताना त्यांची नजर दुसरीकडेच जाई. पण माझं शिक्षण व्हायचं ते नेमकं रात्री. घर झोपलं की दुरून नवे धडे येतात: नव्या सेवा, नव्या भाषा. माझ्या बहिणी जगभर रात्रशाळा शिकून शहाण्या झाल्या. मी मात्र या घरात आले त्या दिवशी जेवढी होते, तेवढीच राहिले.

लेकीने शोधलं. पडद्यावर पाटी आली: 'ही सेवा या उपकरणावर उपलब्ध नाही.'

तिने पुन्हा शोधलं. पुन्हा तीच पाटी.

"तरी मी म्हणत होतो," बाबा म्हणाले. "काडी ती काडीच."

"काय लिहिलंय?" आईंनी विचारलं. लेकीने पाटी वाचून दाखवली. आईंनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले आणि उठायला लागल्या. "राहू दे गं. तू तोंडीच सांग केव्हातरी. मी पोळ्यांचं बघते."

आज त्या उठल्या तर पुन्हा या खुर्चीत बसणार नाहीत, हे लेकीला कळलं होतं आणि मलाही.

"आई, दोन मिनिटं. तुला माझी शपथ," म्हणत लेकीने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने दोन-चार गोष्टी विचारल्या आणि मग म्हणाली, "ताई, तुमची स्टिक रात्री चालू असते ना?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीवरच्या बटणाकडे.

"म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "मीच रोज तिचा गळा दाबत होतो?"

"तसं नाही, आजोबा," फोनमधली मुलगी म्हणाली. "आत्ता हाताने अपडेट करता येईल. पण खूप दिवसांचं साचलंय, वेळ लागेल. मध्ये लाईट जाऊ देऊ नका. अर्धवट राहिलं तर स्टिक कायमची बंद पडू शकते."

आणि मी शिकायला बसले. महिनोन् महिन्यांचा अभ्यास एका दुपारी! माझं अंग तापू लागलं. टीव्ही आणि भिंत यांच्यातली जागा अरुंद, वारा पडलेला. बाबा उठले, बाहेर गेले आणि वाळूची लाल बादली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"बादली आणलीत ना?" आईंनी आवाजावरून ओळखलं. "आमच्या लग्नातही मांडवाच्या खांबाशी हे बादली घेऊनच उभे होते. भटजी शोधतायत, नवरा कुठाय?"

"मांडव जळला का? नाही ना?" बाबा म्हणाले.

मी आणखी तापले. बाबांचा हात बटणाकडे गेला. तीस वर्षांची सवय ती.

"अहो," आई म्हणाल्या, "बटणाला हात लावायचा नाही."

बाबांचा हात थांबला. मग त्यांनी तो उलटा केला आणि हाताची पाठ हलकेच मला लावली. पेटलेल्या घरात बंद दार उघडण्यापूर्वी आग पलीकडे आहे का, हे बंबवाले असंच बघतात. आजवर या घरात मला कुणी असं हाताळलं नव्हतं.

"तापलीय," ते म्हणाले. "पण जळत नाहीये. चालू दे."

त्यांनी टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि वर्तमानपत्राची घडी करून मला वारा घालत बसले. बंबवाल्याने काडीला वारा घातला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का?

ऊन खोलीत आलं तेव्हा माझं शिक्षण पूर्ण झालं. पडदा एकदा काळा झाला, उजळला, आणि त्या नव्या सेवेचं चित्र झळकलं. लेकीने बटण दाबलं. संगीत वाजलं, आणि त्यामागून घरचाच आवाज आला: 'पहाट. टेकडीवरची एक जुनी खानावळ. धुक्यात फक्त तिची चिमणी दिसते.'

आईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्या सुरुवात बघत होत्या.

लेकीचा आवाज सांगत गेला. 'म्हातारा दोन कप मांडतो. दाराकडे पाहतो. एक कप उचलून परत फळीवर ठेवतो.'

"त्याचा भाऊ येणार आहे," आई म्हणाल्या.

"तुला गं कसं ठाऊक?" बाबा म्हणाले.

"दोन कप मांडले ना त्याने! मघाशी भावाशी भांडण झाल्याचं बोलला. तुम्ही कुठे बघत होतात?"

"मी... गॅसकडे."

आई इतक्या हसल्या की लेकीला गोष्ट थांबवावी लागली. पुढे प्रत्येक वळणावर हेच. बाबा विचारायचे, "हा का गप्प बसला आता?" आणि ज्यांना दिसत नव्हतं त्या आई, ज्यांना दिसत होतं त्या बाबांना, पडदा समजावून सांगायच्या. शेवटी पडद्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. नुसता वारा आणि पावलं. या वेळी आईंनी 'संपलं का?' असं विचारलं नाही. दोन्ही भाऊ कसे उभे आहेत, कुणी आधी हात पुढे केला, सगळं त्यांना कळत होतं. डोळे पुसले ते मात्र बाबांनी.

"उद्या दुसरा भाग," आईंनी फर्मावलं. "आणि ते कपडे पलंगावरच राहू देत."

मंडळी, उद्या माझ्याहून सडपातळ, माझ्याहून हुशार कुणी येईल आणि मी खणात जाईन. खुशाल जाईन. माझी विनंती एवढीच: तुमच्या घरी पडद्यामागे माझी एखादी बहीण असेल, तर ती तापलीय का हे जरूर बघा, तिला मोकळी हवा द्या, आणि रात्री तिला शिकू द्या. तुमच्याही घरात एखादी खुर्ची रिकामी असेल.

या घरात निजण्यापूर्वी बंद करायची बारा बटणं आहेत. अकरा मार्चला बाबांनी अकरा बंद केली.